पडीचा आंबा उचलायचा कोणी?

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाची एखादी सर पडून गेली की आमच्या बागेच्या गडग्यापलीकडे, रायवळाच्या झाडाखाली पिवळा चिखल होतो. पडलेला आंबा तिथे कोणी उचलत नाही. झाड कोणाचं हे सात-बारावर बघता येतं, पण त्यावर सतरा नावं आहेत आणि त्यातली पंधरा मुंबईत. गेल्या वर्षी त्या ढिगातला एक आंबा उचलून मी कोयतीने कापला. वरून टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका, बाकी साल पिवळीधमक. आत मात्र गराचं पाणी झालेलं आणि त्यात पांढुरक्या अळ्या वळवळत होत्या. कापता कापता त्यातल्या दोन-तीन टुणकन उडून माझ्या मनगटावर आल्या. फळमाशीची पुरती वाढलेली अळी अशी उडी मारते. तोंड आणि शेपूट जुळवून स्वतःचं धनुष्य करते आणि सुटते. फळातून बाहेर पडली की मातीत बोट-दोन बोटं खोल जाऊन कोष करते, आणि आठ-दहा दिवसांनी तिथून नवी माशी वर येते. माझ्या कलमांवरचा उशिराचा हापूस तेव्हा काढायचा राहिलेला असतो. माशीला गडगा कळत नाही.

अळीच्या या उडीचा ब्रसेल्समधल्या निर्णयांशी संबंध आहे, आणि तो आपण नीट समजून घेतलेला नाही असं मला वाटतं. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातून येणारा आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू बंद केलं होतं. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. ऐन हंगामात दार बंद झालं. निर्यातीसाठी बाजूला काढलेल्या पेट्या पुन्हा इथल्याच बाजारात आल्या, आणि चहाच्या टपरीपासून बागायतदारांच्या बैठकीपर्यंत एकच निदान ऐकू येत होतं: हा सगळा गोऱ्यांचा डाव.

त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. ब्रिटनच्या थंडीत ही माशी तगणं कठीण, हे तिकडचेच लोक म्हणत होते. पण ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होता आणि लंडनला उतरलेली पेटी पुढे स्पेनला जायला अडकाठी नव्हती. स्पेन, इटलीत संत्र्यांच्या आणि पीचच्या बागा आहेत. या माशीने काय होतं हे आफ्रिकेने आधीच भोगलं होतं. २००३ मध्ये केनियात एक नवी फळमाशी आढळली. बघता बघता ती खंडभर पसरली आणि आंबा बागायतदार रडकुंडीला आले. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला ‘इन्व्हेडेन्स’, म्हणजे आक्रमण करणारी, असं नाव दिलं. दहा वर्षांनी लक्षात आलं की ही वेगळी जात नाहीच, आशियातल्या आपल्या ओळखीच्या आंब्यावरच्या माशीचंच ते दुसरं नाव. इजिप्तमध्ये पोचलेली पीचवरची फळमाशीही मूळची आपल्याकडचीच. २०१८ मध्ये आंब्यावरची माशी इटलीतल्या सापळ्यांत सापडली. तेव्हा भीती खोटी नव्हती. शिवाय बाहेरून येणाऱ्या डाळींना मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असावी असा आग्रह आपणही धरतो. आपली कीडबंदी ती शिस्त आणि त्यांची तो डाव, हे काही पटत नाही.

बंदीवर आपण जे उत्तर शोधलं ते यंत्राचं. त्याला मी नावं ठेवणार नाही, कारण त्यामागे खरं संशोधन आहे. जपानने १९८६ मध्ये भारतीय आंबा बंद केला होता. २००६ मध्ये दार उघडलं ते बाष्पप्रक्रियेमुळे. दमट गरम हवेत ठेवून गराचं तापमान ४७.५ अंशांवर न्यायचं आणि वीस मिनिटं तिथेच धरायचं. आंबा शिजू द्यायचा नाही आणि अंडी-अळ्या मात्र मारायच्या, ही तारेवरची कसरत अर्ध्या-अर्ध्या अंशाचे प्रयोग करून ठरलेली आहे. युरोपसाठी ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवण्याची पद्धत आली. अमेरिकेची अडचण आणखी वेगळी, कारण तिथे माशीइतकीच कोयीतल्या भुंग्याची धास्ती. हा भुंगा फळ लहान असतानाच आत शिरतो आणि कोयीत बसून राहतो. साल भरून येते, गर चांगला असतो, खाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्याच्यासाठी विकिरण लागतं, म्हणजे फळावर गॅमा किरणांचा मोजून मारा, ४०० ग्रेचा (ग्रे हे त्या माऱ्याचं माप).

त्याची गोष्ट तर आपल्याच लासलगावची. भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे ‘कृषक’ नावाचं कोबाल्ट-६० चं, म्हणजे किरणोत्सारी कोबाल्ट वापरणारं, विकिरण केंद्र उभारलं ते कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. २००७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आंब्यासाठी त्याला मान्यता दिली. अमेरिकेबाहेरचं असं हे पहिलं कोबाल्ट केंद्र होतं. १९८९ पासून बंद असलेला अमेरिकेचा रस्ता त्यामुळे खुला झाला, आणि रत्नागिरी-देवगडचा हापूस घाट चढून कांद्याच्या गावी जाऊ लागला, तिथून परत मुंबईला विमान गाठायला. पुढे वाशीत सोय झाली आणि हा द्राविडी प्राणायाम कमी झाला. विकिरणाबद्दल एक बारकावा सांगायला हवा. त्यातून अळी लगेच मरेलच असं नाही. ती जिवंत दिसू शकते, पण तिची धड माशी होत नाही. त्यामुळे तिकडच्या तपासनिसाला फळ कापून बघण्यात अर्थ नसतो. त्याचा सगळा भरवसा कागदावर: इतका डोस, या केंद्रात, या देखरेखीखाली.

हा कागद चुकला की काय होतं ते मे २०२५ मध्ये दिसलं. नवी मुंबईत विकिरण केलेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडल्या. हरकत होती ती विकिरणाच्या फॉर्मच्या पूर्ततेवर. परत आणा किंवा तिथेच नष्ट करा, असे दोनच पर्याय होते. निर्यातदारांनी नष्ट करणं पत्करलं, कारण परतीचं भाडं भरून आणेपर्यंत आंब्यात काय उरणार? त्याआधी २०२० आणि २०२१ मध्ये तर साथीमुळे अमेरिकेचे निरीक्षकच इकडे येऊ शकले नाहीत आणि दोन हंगाम तसेच गेले. यंत्रं जागच्या जागी होती, कोबाल्टही होतं.

माझा आक्षेप इथून सुरू होतो. माशीविरुद्धची सगळी लढाई आपण बागेपासून तीन-चारशे किलोमीटरवरच्या एका दारात नेऊन ठेवली आहे. ते दार कितीही मजबूत केलं तरी फळ तिथे पोचतं तेव्हा माशीचं काम झालेलं असतं. आणि दारापर्यंत पोचणारं फळ तरी किती? देशात वर्षाला दोन कोटी टनांहून अधिक आंबा होतो. ताज्या आंब्याची निर्यात गेल्या काही वर्षांत वीस ते पन्नास हजार टनांच्या दरम्यान राहिली आहे. उरलेला जवळजवळ सगळा आंबा आपणच खातो, माशीसकट. लंडनला अळी निघाली तर सूचना निघते, आकडा होतो, संसदेत प्रश्न विचारला जातो. दादरच्या स्वयंपाकघरात अळी निघाली की आई ‘‘अगं बाई’’ म्हणते आणि आंबा कचऱ्याच्या डब्यात टाकते. त्याची नोंद कुठेच होत नाही. कीड-संशोधनाला ‘निर्यातीसाठी’ हे विशेषण चिकटलं की संशोधनाची नजरही त्या वीस-पन्नास हजार टनांवरच खिळते, आणि माशी जिथे जन्मते तो रायवळाखालचा चिखल तसाच राहतो.

मग बागेत फवारून का टाकत नाही, असं शहरातले मित्र विचारतात. एक तर अळी फळाच्या आत असते, औषध बाहेर. दुसरं म्हणजे फळ पिकायला आलं की फवारणी करताच येत नाही, कारण मग औषधाचा अंश फळात राहतो. ज्या देशाला कीड नको आहे त्यालाच औषधही नको आहे. हा दुहेरी फास काय असतो ते नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना विचारावं. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडले ते क्लोरमेक्वॅट क्लोराइडच्या अंशामुळे. म्हणजे कीटकनाशकसुद्धा नव्हे, वेलीची वाढ आवरायचं संजीवक. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. त्या हंगामात कित्येकांचं कंबरडं मोडलं. पण द्राक्षवाले त्यातून उठले. २००६ पासून ‘ग्रेपनेट’ या निर्यात-द्राक्षांच्या ऑनलाइन नोंदवहीत प्लॉटची नोंदणी होतच होती. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची अंश-तपासणीची व्यवस्था, कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं याची दरवर्षी सुधारली जाणारी यादी, आणि ती खिशात घेऊन फिरणारा शेतकरी, हे सगळं एकमेकांत गुंतलं. अलीकडच्या वर्षांत अडीच लाख टनांपुढे द्राक्षं बाहेर गेली आहेत. ‘आपल्या लोकांना शिस्त नाही’ हे पालुपद आळवणाऱ्यांनी एकदा पिंपळगाव बसवंतला जाऊन यावं.

तरीही द्राक्षाचा धडा आंब्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. औषधाचा अंश हा मुख्यतः ज्याच्या-त्याच्या वेलीचा प्रश्न असतो. मी यादी पाळली की माझा माल बहुतेक सुटतो. फळमाशीचं तसं नाही. मी काहीही पाळलं तरी शेजारचं रायवळ, वाटेवरचा पेरू आणि देवळामागचा जाम मिळून माझा हंगाम ठरवतात.

सापळ्यांचं बघा. या सापळ्यांची मुळं याच देशात आहेत, हे आमच्याकडच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. शंभरेक वर्षांपूर्वी बिहारमधल्या पुसाच्या शेती संशोधन संस्थेत हाउलेट नावाचा कीटकशास्त्रज्ञ होता. डास येऊ नयेत म्हणून रुमालावर गवती चहाच्या जातीतलं सिट्रोनेलाचं तेल लावलं, तर फळमाश्याच झुंबड करून आल्या, आणि आल्या त्या नुसते नर. १९१२ मध्ये त्याने त्यावर निबंध लिहिला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या तेलातलं कोणतं द्रव्य नरांना वेड लावतं याचा माग काढला. ते मिथाइल युजेनॉल. आपल्या तुळशीतही ते असतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच गंधावर चालतो.

या गंधाचं इतरांनी काय केलं? १९६०च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञांनी प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर हाच गंध आणि कीटकनाशक भिजवलेले तुकडे विमानातून टाकले. नरच उरले नाहीत आणि बेटावरची आंबेमाशी संपली. जपानने ओकिनावात तेच केलं. तिथे आणखी एक माशी होती, कारली-दुधीवरची, म्हणजे आपल्या भाजीवाल्यांची रोजचीच दुश्मन. तिच्यामुळे ओकिनावाचं कारलं जपानच्या मुख्य भूमीवर न्यायला बंदी होती. ब्रसेल्सने आपल्या कारल्यावर घातली तशीच, फक्त स्वतःच्याच देशात. तिच्यासाठी त्यांनी कारखान्यात माश्या वाढवल्या, त्यांना विकिरणाने वांझ केलं आणि अब्जावधींच्या संख्येने सोडल्या. रानातल्या माद्यांचं मीलन वांझ नरांशी व्हायचं आणि अंडी वाया जायची. १९७८ मध्ये कुमे बेट मोकळं झालं, १९९३ मध्ये सगळी बेटं. आज टोकियोत ओकिनावाचं कारलं आवडीने खातात. मला जास्त भावतं ते पुढचं. माशी संपल्यावरही तो कारखाना बंद केला नाही. बाहेरून पुन्हा येईल म्हणून वांझ माश्या सोडणं चालूच ठेवलं. आपल्याकडे पहिल्याच वर्षी ‘आता गरज काय’ असा शेरा मारून फाइल मिटली असती.

रत्नागिरी काही ओकिनावा नाही. ही माशी इथली मूळ रहिवासी. सह्याद्रीच्या रानात तिला खायला शेकडो फळं आहेत. तिला नामशेष करण्याची भाषा कोणी केली तर ती थाप समजावी. पण कमी करता येते, आणि कमी करण्यालाही व्यापारात किंमत आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या वनस्पती-आरोग्याच्या करारात ‘कीडमुक्त क्षेत्रा’बरोबर ‘कमी कीड-प्रादुर्भाव क्षेत्र’ही मान्य केलेलं आहे. आमच्या गावात माशी इतकीच आहे, ही बघा तीन वर्षांची आठवड्यागणिक मोजणी, असं दाखवता आलं तर वाटाघाटीत बोलायला काहीतरी हातात असतं. आज आपल्याकडे दाखवायला असतं ते फक्त यंत्राचं तापमान.

अशी मोजणी एकट्या बागेत होत नाही, आणि एकट्याचा सापळा तर कधी कधी उलटा पडतो. सापळा फक्त नर पकडतो. माझ्या बागेतले नर मेले तरी पलीकडून गाभण मादी येतेच. उलट माझ्या गंधाने शेजारचे नर माझ्याकडे येतात आणि सापळा भरलेला बघून मी खूश होतो. सगळ्या वाडीने, सगळ्या पाणलोटाने एकाच आठवड्यात सापळे लावले तरच नरांचा तुटवडा पडतो आणि माद्या कोऱ्या राहतात. आणि सापळ्यात टांगायच्या, गंधात भिजवलेल्या लाकडी वड्यांमधल्या भेसळीबद्दल तर बोलायलाच नको. मागच्या हंगामात मी तालुक्याच्या गावातून घेतलेल्या वड्या पंधरा दिवसांत निव्वळ लाकूड झाल्या होत्या. दुकानदाराला सांगितलं तर म्हणतो, ‘‘काका, हवामानच तसं आहे.’’

पडीच्या आंब्याचं तर संशोधन झालेलं आहे, फक्त ते आपल्या वाडीत पोचलेलं नाही. हवाईतही माशी हटत नव्हती, रानात पेरू उदंड. तिथल्या शास्त्रज्ञांनी साध्या जाळीचा एक तंबू केला. पडलेली, किडकी फळं गोळा करून त्यात टाकायची. आत माश्या जन्मतात, पण जाळीची भोकं अशी मापाची की माशी बाहेर पडू शकत नाही आणि माशीवर जगणारी इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी मात्र सहज निसटते. म्हणजे शत्रू आत, मित्र बाहेर. पेट्रोल नाही, वीज नाही, परदेशी निरीक्षक नाही. आमच्याकडे कोणत्या मापाची जाळी हवी, आपल्या आंब्यातल्या अळ्यांवर कोणते मित्रकीटक किती प्रमाणात आहेत, पावसाळ्यात तंबू टिकेल का, हे प्रश्न दापोलीच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधापुरते सोडून देण्याजोगे नाहीत. त्यावर पाच-दहा वर्षं सलग, चार-पाच गावं हाताशी धरून काम व्हायला हवं. विकिरण केंद्राच्या उद्घाटनाला मंत्री येतात आणि फीत कापली जाते. जाळीच्या तंबूतल्या सडक्या आंब्यांसमोर फोटो कोण काढून घेणार, ही खरी अडचण असावी.

पैसे कोण देणार, हा रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर २०१८च्या भौगोलिक मानांकनात आहे. ‘हापूस’ हे नाव आता कोकणच्या पाच जिल्ह्यांचं सामाईक आहे. कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून विकला की आपण सगळे मिळून ओरडतो, कारण नाव सगळ्यांचं. मग माशी एकेकट्याची कशी? नावाचा फायदा घेऊन पेटीमागे जो जास्तीचा भाव मिळतो, त्यातले दोन रुपये गावच्या माशीसाठी बाजूला काढायला कोणी बागायतदार नाही म्हणेल असं मला वाटत नाही, मात्र ते गावातच खर्च होताना दिसले पाहिजेत. निर्यातदारांनीही आपला वाटा द्यावा. आज त्यांचा खर्च प्रक्रियेवर आणि प्रक्रियेनंतर नापास झालेल्या फळांवर होतो. गरम पाण्यातून काढलेला हापूस पुढे सारखा पिकत नाही, सालीवर डाग उमटतात, ही त्यांचीच तक्रार आहे. बागेतूनच कमी माशी आली तर उद्या सौम्य प्रक्रियेसाठी भांडता तरी येईल.

या वर्षी मी वाट न बघता पलीकडच्या झाडाच्या सतरांपैकी चौघांना फोन लावले. एकाचा नंबर बंद. डोंबिवलीचे एक काका म्हणाले, ‘‘उचला की, आमची कसली हरकत?’’ दुसऱ्यांना वाटलं मी जमीन मागतोय. चौथ्या वहिनींनी मात्र दोन पेट्यांची ऑर्डर दिली. मग दोघी बायकांना रोजावर घेतलं. दिवसाआड सकाळी घमेली भरून पडीचा आंबा गोळा केला, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधला आणि आठ-दहा दिवस उन्हात कातळावर टाकून ठेवला. वासाने कुत्रीसुद्धा फिरकली नाहीत. तीन आठवड्यांची मजुरी माझ्या खिशातून गेली, त्याचं काही नाही. माश्या कमी झाल्या का, असं बायकोने विचारलं. माझ्या सापळ्यात कमी दिसल्या खऱ्या, पण त्या आठवड्यात पाऊसही लवकर आला होता, आणि पलीकडच्या वाडीत किती होत्या हे सांगायला तिथे कोणी सापळाच लावलेला नव्हता.